तळाचं मीठ

४ मार्च, सोमवार

धाकटे,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस ना, मग नको उचलूस. पत्र काही मध्येच कट करता येत नाही, म्हणून लिहितेय. होडीवाल्याला बजावलंय, तिच्या हातातच दे, दाराच्या फटीतून आत ढकलून पळून येऊ नकोस. तो म्हणतो, "ताई, तुम्हा बहिणींच्या भांडणात माझी होडी बुडायची." मी म्हटलं, बुडू दे, नाहीतरी आता तीत बसतंय कोण?

खरंच कोणी बसत नाही गं. आमच्या गल्लीतली आणखी दोन घरं कुलूप लावून गेली. शाळेत नऊ पोरं उरलीत, त्यातली चार एकाच घरातली. दुकानदार म्हणतो, रोज उघडून माश्या मारण्यापेक्षा एक दिवसाआड उघडतो.

माझं नीट ऐक. मीठ विभागाच्या कचेरीतून आपल्या संघाची वही लिहिणाऱ्या मास्तरांना कागद आलाय. तपासनीस वीस तारखेला पुन्हा येणार, ही शेवटची वेळ. तिन्ही गावं एका शेडमध्ये उभी दिसली तर मीठ धुण्याचं यंत्र आणि पाच वर्षांचा करार. एक गाव जरी कमी दिसलं तरी यंत्र दुसऱ्या किनाऱ्याला जाणार. वरच्या गावाकडे रस्ता आणि वजनकाटा, तुमच्या मधल्या गावाकडे शेड आणि गोड्या पाण्याची विहीर, आमच्याकडे मीठ. यातलं एक काढलं तर उरलेल्या दोघांनी काय एकमेकांची तोंडं बघत बसायचं?

आणि हे सगळं तूच जुळवलंस. अकरा वर्षं आपण बोलत नव्हतो. आमच्या लोकांनी तुमचा बांध फोडला होता, तुमची अख्खी रास भरतीत विरघळली होती, आणि फोडणाऱ्यांत तुझे भावोजी होते. तरी गेल्या वर्षी तूच पहिल्यांदा खाडी ओलांडून माझ्या दारात आलीस. म्हणालीस, "ताई, वेगवेगळे मरण्यापेक्षा एकत्र जगून बघू." मी तुला बस म्हणायच्या आधीच तू बसली होतीस.

एवढं करून आता रुसून बसायचं? तपासनिसानं परत पाठवलेल्या त्या बावीस गोण्यांत चिखल कसा आला ते देव जाणे. तुमच्यातल्याच कोणी घातला असं मी म्हणत नाही. पण दोरा निळा होता, सगळ्यांनी पाहिला. आमच्या गोण्या लाल दोऱ्यानं शिवतात, वरच्या गावाच्या हिरव्या, तुमच्या निळ्या. त्याला मी काय करू? झालं गेलं विसर आणि तुझ्या लोकांना घेऊन ये.

तुझी ताई


८ मार्च, शुक्रवार

धाकटे,

होडीवाला म्हणतो, पत्र घेतलंस, पदरात खोचलंस आणि विहिरीकडे गेलीस. वाचलंस की विहिरीत टाकलंस?

मला राग आलाय, सांगून टाकते. त्या दिवशी शेडमध्ये आमचा मुकादम वाटेल ते बोलला, मान्य. त्याचा आवाज मुळातच असा की शांतपणे वेळ विचारली तरी माणसं घराबाहेर येतात. परत आलेल्या गोण्या त्यानं सगळ्यांसमोर फाडल्या, काळा चिखल जमिनीवर ओतला आणि म्हणाला, "मधल्या गावानं अकरा वर्षांचं उट्टं काढलं!" वाईटच बोलला. पण तुला तोंड नव्हतं का? तू, जी लहानपणी बाबांशी वाद घालून त्यांना उपाशी झोपवायचीस! "आमचं नाही" एवढे दोन शब्द जड झाले? एक अक्षर बोलली नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मग चपला घातल्यास आणि निघालीस, आणि तुझ्या मागोमाग तुमची सहा माणसं. दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप.

माझ्याकडे बघून काय होणार होतं? मी फळ्यावर तीनशे गोण्या देणार म्हणून लिहिलं आणि तीनशे दिल्या. एक कमी नाही दिली. सगळ्या गावानं माझे वाफे बघितलेत.

आमच्या लेकाला मास्तरांनी शब्द दिलाय, यंत्र आलं की चालवायला तोच. सहा वर्षं तो तिकडे शहरात खोकी भरतोय. परवा फोनवर म्हणाला, "आई, जून उजाडायच्या आत येतो बघ." तुझ्या भावोजींनी हे ऐकलं आणि दाढी करून आले. टाचांच्या भेगांनी त्यांना चार पावलं चालवत नाही, मिठात उभं राहून पायांची पार चाळण झालीय, पण दाढी केली. आता मी त्यांना काय सांगू? यंत्र नाही, लेक नाही, कारण माझी बहीण हट्टाला पेटलीय?

हट्टी तू पहिल्यापासूनच.

ताई


१२ मार्च, मंगळवार

धाकटे,

मागचं पत्र कडू होतं. टाकायला नको होतं, पण होडीवाला निघून गेला होता.

आज आमच्या बांधांवरून जमिनी विकत घेणाऱ्यांची दोन माणसं टेप घेऊन फिरत होती. एकानं बूट काढून हातात घेतले होते, पायाला मीठ लागू नये म्हणून. मी विचारलं, काय मोजताय? तो म्हणाला, "भराव घालायला किती माती लागेल ते बघतोय." माझ्या वाफ्यात उभं राहून मलाच सांगतो! मुकादमही तिथेच होता, पण त्यानं त्यांना हाकललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस गप्प होता. मला त्याचीच भीती वाटली. वरच्या गावानं काटा विकायला काढलाय म्हणे. आठ दिवस राहिले. मला काही सुचत नाही. भाजी चिरायला बसते आणि चिरलेली भाजी तशीच राहते.

तुला एक सांगायचंय. वाचून लगेच उठू नकोस, पूर्ण वाच.

तुमच्याकडे रास घालायच्या आधी जमीन खरवडून चटया अंथरतात. आमच्याकडे तसं नाही, तुला माहीत आहे, तू माहेरी असताना हे केलंयस. आम्ही उघड्या जमिनीवर रास घालतो आणि तळाचा वीतभर थर कधीच उचलत नाही. बाबांच्या आधीपासून नाही. तो चिखलाचा, तो जमिनीचाच. त्यावर दरवर्षी नवी रास. तळाला फावडं लावणाऱ्या बाईला आमच्यात काय बोलतात ते लिहिण्यासारखं नाही.

मी तीनशे लिहिल्या होत्या. सगळ्यांसमोर खडू घेऊन मीच फळ्यावर लिहिल्या, कारण वरच्या गावाच्या बाईनं अडीचशे लिहिल्या होत्या आणि तू माझ्या शेजारी बसली होतीस. माझी धाकटी बहीण तीन गावं चालवते, तर थोरलीनं काय अडीचशे लिहायच्या? रास उपसली, भरली, शिवली, तर भरल्या दोनशे अठ्ठ्याहत्तर. भर दुपारी रिकाम्या बावीस गोण्या हातात घेऊन मी उभी होते. ट्रक संध्याकाळी निघणार होता.

मी तळाला फावडं लावलं.

गोण्यांच्या पोटात काळं भरलं आणि तोंडाशी ओंजळभर पांढरं. वाटलं, हजार गोण्यांत बावीस कोण उघडतंय? तपासनिसानं नेमक्या त्यातल्याच उघडल्या.

आता तुला कळलं. कुणाला सांगू नकोस. तुझ्या लोकांना एवढंच सांग की शोध लागलाय आणि चूक तुमची नव्हती, कुणाची ते विचारू नका. तेवढ्यावर ते येतील ना? तू पटवून देशील. तुला येतं ते.

ताई


१५ मार्च, शुक्रवार

धाकटे,

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. आणि "कुणाची ते विचारू नका" असं तुला लिहिताना मला लाज कशी वाटली नाही, हे मलाच कळत नाही.

तुला सगळं पहिल्या क्षणापासून माहीत होतं, हो ना?

माझा लाल दोरा संपला होता. दोनशे अठ्ठ्याहत्तर शिवून झाल्या आणि रीळ रिकामं. दुकान बंद, शेजारणीकडे मागायला जावं तर ती विचारणार, अजून कसल्या गोण्या राहिल्यात? तेव्हा फडताळात तुझा दोरा दिसला. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आपण बोलत बोलत तुमच्या गोण्या शिवायला बसलो होतो आणि तू अर्धं रीळ माझ्याकडे विसरून गेली होतीस. मी ते जपून ठेवलं होतं, कशाला कोण जाणे. अकरा वर्षांनी बहिणीची एक वस्तू घरात आली होती म्हणून असेल.

शपथेवर सांगते, तुमच्या गावावर ढकलायला म्हणून नाही शिवलं. घाई होती, दाभण हातात होतं, दोरा समोर होता. रंगाचा विचारच केला नाही. शेडमध्ये मुकादमानं दोऱ्याचं टोक उचलून दाखवलं तेव्हा मला तो निळा दिसला. आणि तू माझ्याकडे पाहिलंस. आपलं अर्धं रीळ कुठे राहिलंय हे तुला ठाऊक होतं. तू तोंड उघडलं असतंस तर "आमचं नाही" यावर थांबता आलं नसतं, "हिचं आहे" म्हणावं लागलं असतं. म्हणून तू गप्प बसलीस. आणि मी? मी जमिनीकडे बघत बसले. तुझ्या अख्ख्या गावानं माझा चिखल अंगावर घेतला आणि मी वर तुलाच हट्टी म्हटलं.

पाय धरते तुझे. कागदावर धरते, समोर आलीस तर समोर धरीन.

काल तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं. ते घमेल्यात पाय सोडून बसले होते. ऐकता ऐकता टाचा घासत राहिले. मग म्हणाले, "मी बांध फोडून आलो तेव्हा तू मला विचारलं होतंस, कुठे होतात? मी म्हटलं, कुठे नाही. आणि तू जेवायला वाढलंस."

मी म्हटलं, "आता ते कशाला?"

"तेव्हा आपण दोघं गप्प बसलो. अकरा वर्षं गेली. आता पुन्हा किती घालवायची?"

"गावातून काढतील आपल्याला. संघाबाहेर टाकलं तर मिठाला गोणीसुद्धा कोणी देणार नाही. लेकाचं काय?"

त्यांनी पाय बाहेर काढले. म्हणाले, "पाणी गार झालं, बदलून दे." मी बदलून दिलं.

वीस तारखेला मी शेडमध्ये उभी राहून सांगणार आहे. पण शेडची किल्ली तुझ्याकडे आहे, आणि तुमचे सातजण आले नाहीत तर मी सांगून उपयोग काय? तपासनीस दोन गावं बघेल, गाडीत बसेल आणि जाईल. तेव्हा कुलूप काढ आणि ये. माझ्यासाठी येऊ नकोस. तुझ्यासाठी ये.

ताई


१८ मार्च, सोमवार

मागचं पत्र फाडून टाक. चुलीत घाल.

सकाळी लेकाचा फोन आला. तिकडची नोकरी सोडलीय. खोली सोडली, भांडी विकली, रविवारची गाडी पकडतोय. "मास्तर म्हणाले यंत्र येणारच," म्हणतो. मास्तरांनाही काय घाई झाली होती! मी फोनवर "बरं बाळा" म्हटलं आणि तशीच कागद घेऊन बसले.

मी नाही सांगू शकत. कसं सांगू? तो पिशवी घेऊन दारात उभा राहील आणि त्याला काय म्हणू, तुझ्या आईनं चिखल भरला म्हणून तुला काम नाही? काहीतरी दुसरं सुचव. तू हुशार आहेस. मजुरांवर ढकलता येईल का? ट्रकवाल्यावर? ट्रकवाला तर तिन्हीपैकी कुठल्याच गावचा नाही.

चार वाजता.
होडीवाला अजून आला नाही, म्हणून वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. ट्रकवाल्याला तीन लेकरं आहेत. मी हे काय लिहितेय?

नको फाडूस. कुलूप काढ.


२२ मार्च, शुक्रवार

धाकटे,

तू तिथे होतीस, सगळं डोळ्यांनी पाहिलंस. पण तू शेडच्या त्या टोकाला होतीस आणि मी या टोकाला, म्हणून माझ्या बाजूचं सांगते.

आम्ही होडीतून उतरलो तेव्हा मी आधी कुलूप बघितलं. नव्हतं. मी तिथेच थांबले. मुकादम म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "चप्पल तुटली."

तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तुमची माणसं भिंतीशी ओळीनं उभी, कोणी कोणाला "ये, बस" नाही. तपासनीस खुर्चीवर, मांडीवर फाईल. मास्तर त्यांच्या सवयीप्रमाणे "नोंद घ्यावी, नोंद घ्यावी" करत होते. मला वाटलं होतं, उभं राहून नीट सांगावं. घरी दोनदा म्हणूनही बघितलं होतं. पण उभी राहिले आणि तोंडातून एवढंच आलं, "तळाला मी फावडं लावलं." आमच्या बायकांना तेवढ्यावरच कळलं. एकीनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर पदर घेतला. पुढचं, दोऱ्याचं वगैरे, मी सांगितलं ते कोणाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मुकादमाला गेलं असावं. तो माणूस तुमच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि हात जोडून उभा राहिला. ओरडला नाही. तुमच्या म्हाताऱ्या विहीरवाल्यानं त्याचा हात धरून खाली केला. ते मी पाहिलं, आणि वाटलं, आता मला काहीही होऊ दे.

मग तपासनीस म्हणाला, "चूक कळली, पण तिचं पुढे काय करणार ते मला आज लिहून न्यायचं आहे, त्याशिवाय यंत्र नाही." मास्तरांनी नियम वाचला. भेसळ करणारं घर संघाबाहेर, वाफे संघाकडे. पण कोणालाही काढायचं तर तिन्ही गावांचे सात-सात मिळून एकवीसच्या एकवीस हात वर पाहिजेत. हा नियम तूच घालून घेतला होतास, दोन मोठ्या गावांनी मिळून तुमच्या लहान गावाला कधी बाहेर ढकलू नये म्हणून. तेव्हा मुकादम किती चिडला होता!

वरच्या गावाचे सात हात आधी गेले. मग आमचे. माझ्या शेजारणीचा हात अर्ध्यावर थांबला आणि मग गेला, तिला दोष नाही. तुमचे सहा. मास्तर मोजत होते. "एकोणीस," म्हणाले, आणि चष्मा पुसला.

राहिलो आपण दोघी.

तू हात पाठीमागे बांधून उभी होतीस. मला माहीत आहे ते उभं राहणं. कोणी मारलं तरी तू तशीच उभी राहिली असतीस. तपासनिसानं घड्याळ बघितलं आणि फाईल मिटायला घेतली. खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं. वाटलं, राहू दे तशीच. बुडू देत तिन्ही गावं, पण माझी बहीण माझ्या बाजूनं उभी राहिली. मग मला ती टेपवाली माणसं आठवली, आणि शाळेतली नऊ पोरं.

म्हणून मी हात वर केला. मी स्वतः. सगळे माझ्याकडे वळले, मास्तर "वीस" म्हणायचं विसरले. मी फक्त तुझ्याकडे बघत होते. आईला न सांगता खाडीवर जायचं असलं की मी तुला नुसत्या डोळ्यांनी "चल" म्हणायचे, तसं म्हटलं. तू मान हलवलीस, नाही. मी पुन्हा म्हटलं. किती वेळ गेला गं? आणि मग तुझा हात वर आला.

तपासनीस म्हणाला, "एकमत." या तीन गावांचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं, पावसाळा कधी सुरू झाला यावरसुद्धा नाही.

लेकाला काल फोन केला. सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भांडी विकायला नको होती." आम्ही रविवारी त्याच्याकडे जातोय. मालक चांगला आहे, परत घेतो म्हणालाय. खोलीही परत मिळतेय, लहान आहे, पण तुझ्या भावोजींना आता कुठे फार चालायचंय?

माझे वाफे ज्याला द्याल त्याला सांग, पूर्वेकडचा बांध कच्चा आहे, भरतीच्या आधी दोन घमेली माती लागतेच. आणि रास घालायच्या आधी चटया अंथरायला सांग. सगळ्यांनाच सांग.

होडीवाला म्हणतो, तू दोन दिवस जेवली नाहीस, कोणाशी बोलत नाहीस. शेडमध्ये यंत्राची जागा आखायला माणसं आली तर तू आत गेली नाहीस. वेडी आहेस का? तो हात मी मागितला होता आणि तू दिलास. अकरा वर्षांत मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. आता पुरे झालं, धाकटे. हात खाली घे आणि जेव.

तुझी ताई